अद्भुत आणि ऐतिहासिक कादंबरी : एका वाचकाचे मत

हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) अद्भुतरम्य. दहा वर्षांनी आलेली गुंजीकरांची 'मोचनगड' पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते, परंतु तिचेही कथानक कल्पितच. प्रस्तुत वाचकास अद्भुत कादंबरी अधिक प्रामाणिक वाटते. तिचे असत्य उघड असते. ऐतिहासिक कादंबरीत खरी नावे कल्पिताला साक्ष देतात. 'स्वामी'तील (१९६२) माधवराव-रमाबाईंचे संवाद रणजित देसाईंच्या प्रतिभेचे. आमचे विद्यार्थी मात्र ते इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत लिहितात. (वर्गात आम्हीही ते रंगवून सांगतोच.) शिवाय काय वगळावे, हेही कादंबरीच ठरविते. लातूर जिल्ह्यातील उदगीरला १७६० मध्ये मराठ्यांनी निजामाला नमविले. कादंबऱ्या वाचून घडलेल्या आमच्या मनात तो भुईकोट केवळ पानिपताच्या वाटेवरचा मुक्काम उरला आहे.