लॅपटॉपची झोप : दोष कोणाचा?

लॅपटॉप मिटला की झोपावा आणि उघडला की सोडल्या जागेवरून काम सुरू व्हावे, ही अपेक्षा रास्तच आहे. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर मात्र कधी यंत्र जागेच होत नाही, तर कधी झोपेतच बॅटरी संपते. मग 'फुकटचे ते असेच!' असा शेरा ऐकू येतो. तो कितपत न्याय्य आहे?

झोपेचे दोन प्रकार आहेत. सस्पेंडमध्ये बहुतेक भाग बंद होतात, फक्त रॅमला वीज मिळत राहते. हायबरनेशन म्हणजे शीतनिद्रा. तिच्यात रॅममधील माहिती डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडली जाते.

झोपवणे सोपे, उठवणे अवघड! वीज गेलेली ग्राफिक्स चिप किंवा वायफाय आपली पूर्वस्थिती विसरते. ती परत आणण्याचे काम त्या त्या उपकरणाच्या चालक-आज्ञावलीचे, म्हणजे ड्रायव्हरचे. त्यासाठी उत्पादकाने माहिती द्यायला हवी. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. मानक खुले आहे, पण ते अमलात आणणारे फर्मवेअर बहुधा बंदिस्त असते आणि त्याची चाचणी मुख्यतः विंडोजवर होते. शिवाय अनेक नव्या लॅपटॉपमधून जुनी गाढ झोपच काढून टाकली आहे. उरलेल्या हलक्या झोपेत एखादे उपकरण जरी जागे राहिले, तरी बॅटरी उतरते. हा दोष एकट्या लिनक्सच्या माथी मारता येणार नाही.

शीतनिद्रेची गोष्ट वेगळी आहे. उबुंटूने २०१२ साली ती भरवशाची नाही म्हणून मूळ मांडणीत बंद ठेवली. २०१९ च्या ५.४ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात 'लॉकडाउन' आले. डिस्कवरील प्रतीत कोणी फेरफार करील, या भीतीने त्यात शीतनिद्रेला मज्जाव आहे. फेडोराने २०२० पासून स्वॅपची जागा रॅममध्येच धरली. मग वीज तोडल्यावर माहिती राहणार कोठे? प्रत्येक निर्णयामागे कारण आहे. पण सामान्य वापरकर्त्याला दिसते ते एवढेच, की यादीतून पर्याय नाहीसा झाला. का, हे पडद्यावर कोणी सांगत नाही. ज्या प्रणालीचा मोठेपणा खुलेपणात आहे, तिच्यावरचा माझा खरा आक्षेप हाच आहे.

शेरा मारण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून मोजमाप करून घ्यावे. काम साठवून, बॅटरीची टक्केवारी नोंदवून लॅपटॉप रात्रभर झोपवावा. सकाळी झालेली घट तासांनी भागावी. मग 'सिस-पॉवर' या फोल्डरमधील 'मेम-स्लीप' ही फाइल वाचावी. तीत 'डीप' हा शब्द नसेल, तर गाढ झोपेची सोय त्या यंत्रातच नाही, असे बहुधा समजावे. दोष कोणाचा, याचा निवाडा नंतर करावा.