जिल्हा गॅझेटियर आणि सीमेवरील गाव : दुधनीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
जिल्ह्याच्या भूगोलाचा व प्रशासनाचा अभ्यास करताना आपल्याकडे गॅझेटियर हा आधारग्रंथ मानला जातो. १८८४ चा मुंबई इलाख्यातील सोलापूर खंड व १९७७ ची सुधारित आवृत्ती यांचे संदर्भमूल्य निर्विवाद आहे. तथापि, जिल्ह्याची हद्द हीच अभ्यासाची हद्द मानल्याने या ग्रंथप्रकारात जी मर्यादा येते, तिचा विचार अक्कलकोट तालुक्यातील दुधनी या नगरपरिषदेच्या गावाच्या आधारे येथे केला आहे.

विवेचन :
दोन्ही ग्रंथांत भूवर्णन, लोक, शेती, व्यापार, प्रशासन अशी विषयवार प्रकरणे येतात व गावांची माहिती शेवटी वर्णानुक्रमे दिली जाते. परिणामी गावाचा परिसराशी असलेला संबंध तुटतो. १८८४ साली अक्कलकोट हे संस्थान असल्याने सोलापूर जिल्ह्याच्या तालुक्यांत त्याची गणना नव्हती. १९४८ च्या विलीनीकरणानंतर तो तालुका झाला. भूमी तीच राहिली, कोष्टक तेवढे बदलले. बोरी नदी भीमेला मिळते आणि भीमेचे खोरे दोन्ही राज्यांत पसरलेले आहे. १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग दुधनीवरून कलबुर्गीकडे जातो. गावात मराठी व कन्नड दोन्ही भाषा नांदतात. जिल्ह्याच्या सरासरीत मात्र हे वास्तव दिसेनासे होते.

एकक कोणते धरावे हा प्रश्न केवळ ग्रंथलेखनाचा नाही. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात दक्षिण सोलापूरमधील ६५ गावे निवडली. अक्कलकोट तालुका मात्र संपूर्णपणे तत्कालीन म्हैसूर राज्यास देण्याची शिफारस केली. एके ठिकाणी गाव हे एकक, तर दुसऱ्या ठिकाणी तालुका! खेडे हाच घटक मानावा, या महाराष्ट्राच्या आग्रहाचे तात्त्विक बळ येथे ध्यानात येते. ही शिफारस अमलात आली नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०२२ मध्ये अक्कलकोट तालुक्यातील काही ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा तिचा अर्थ भाषिक निष्ठेत शोधला गेला. वस्तुतः गाऱ्हाणे रस्ते, पाणी यांसारख्या मूलभूत सुविधांचे होते.

तुलनेसाठी रशियाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९२३ ते १९२९ या काळात तेथे गुबेर्निया, उयेझ्द व वोलोस्त ही जुनी विभागणी मोडून आर्थिक तत्त्वावर ‘रायोन’ हा ग्रामीण जिल्हा निर्माण करण्यात आला. बाजार, वाहतूक व उत्पादन यांचा विचार करून हद्द आखावी, ही कल्पना निश्चितच मोलाची होती. परंतु आखणी केंद्राकडून झाल्याने स्थानिकांच्या संमतीला तीत गौण स्थान मिळाले. म्हणजे केवळ एकक बदलल्याने प्रश्न सुटत नाही; ते कोण ठरवते हेही महत्त्वाचे ठरते.

निष्कर्ष :
गॅझेटियर टाकाऊ ठरवण्याचे कारण नाही. त्यातील माहिती गावपातळीवर तपासून, हद्दीपलीकडील बाजारपेठ, नदी, शाळा व नातेसंबंध यांच्याशी जोडून वाचणे आवश्यक आहे. कलबुर्गी व सोलापूर येथील अभ्यासकांनी सामायिक खोऱ्याचा संयुक्त अभ्यास हाती घेतल्यास ही उणीव भरून निघेल. दुधनी जिल्ह्याच्या नकाशावर कडेला असली, तरी तेथील माणसाच्या दृष्टीने ती मध्यभागीच असते. प्रशासनाच्या भूगोलाने हे भान राखल्याशिवाय त्याचे वर्णन पूर्ण होणार नाही.