शार्ङ्गदेवाची कसोटी आणि बालगंधर्वांचें गायन

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या रंगभूमीवरील गायनाची स्तुति आजवर पुष्कळ झाली. परंतु ती बहुधा गहिंवराची, परीक्षेची नव्हे. आमच्या मतें परीक्षेचें साधन घरचेंच आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास राहून शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' रचिला. आमचा जालना प्रांतही त्याच राज्यांतला. अभ्यासावांचून रागाची अभिव्यक्ति करणारा, शरीराबरोबरच उपजलेला जो कंठधर्म, त्यास हा ग्रंथकार 'शारीर' म्हणतो; आणि गायकांचे शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक व भावक असे पांच भेद करतो.

बालगंधर्वांचें शारीर उत्तम होतें, याविषयीं वाद नाहीं. ते रंजक होते, हेंही सर्वमान्य. परंतु तेवढ्यानें त्यांचें माप पुरें होत नाहीं. भास्करबुवा बखले यांनीं 'स्वयंवर' (१९१६) नाटकास चाली दिल्या; त्यांतील यमन व भीमपलास हे राग बालगंधर्वांच्या मुखीं मैफलीचे न राहतां रुक्मिणीचे झाले. 'एकच प्याला' (१९१९) यांत सिंधू जात्याशीं बसून गाते. तेथें गवयाचें पांडित्य दिसेल तर सिंधू लोपेल. शब्द स्पष्ट ठेवून, हरकत अर्थाच्या जागींच टाकावयाची, ही त्यांची रीति मुद्रिकांवरूनही कळते. हेंच भावकाचें लक्षण होय.

दोषही सांगितला पाहिजे. 'वन्स मोअर'च्या आग्रहास्तव पद पुनःपुन्हा गाइलें, कीं कथानक थांबतें आणि पात्र मागें सरून गायक पुढें येतो. हा रसभंगच. त्यांत प्रेक्षकांचाही वांटा होता, म्हणून तो क्षम्य ठरत नाहीं.

आतां प्रमाणाचा प्रश्न. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीनच मिनिटांचें गाणें मावे. रंगभूमीवरील विस्ताराचें तें केवळ त्रुटित पत्र समजावें. तथापि त्रुटित पत्रें आपण फेंकून देत नाहीं. पाठभेद जुळवून संहिता सिद्ध करतों. एकाच पदाच्या निरनिराळ्या मुद्रिका, रंगसूचनांच्या खुणा असलेल्या नाटकाच्या प्रती व खेळांच्या जाहिराती एकत्र ठेवून तसाच मेळ घालतां येईल.

समर्थांचें जन्मग्राम जांब आमच्याच जिल्ह्यांत असल्यानें येथील संग्राहकांची दृष्टि पोथ्यांकडे लागते, हें योग्यच. परंतु लाखेची तबकडी तालपत्राहून ठिसूळ आहे. ती भंगारांत गेल्यास पुढील पिढीच्या हातीं स्तुति तेवढी उरेल, स्तुत्य वस्तु उरणार नाहीं. तरी पोथीच्या बासनाशेजारीं तिलाही जागा द्यावी, अशी आमची विनंति आहे.