बँक बुडते तेव्हा राग कुठे जातो?

बँक बुडाली की लोक चिडतात आणि काही महिन्यांत विसरतात, असे आपण सहज म्हणून जातो. मला यात अर्धेच तथ्य दिसते. लोक विसरत नाहीत. नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटी सभासदापुढे जिल्हा बँकेचे नाव काढा, 2002 सालचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. अडचण वेगळीच आहे. हा राग एका माणसाच्या नावावर जमा होतो आणि तिथेच पडून राहतो. पैसा कोणत्या कागदावरून गेला आणि कोणत्या कलमाखाली परत यायला हवा, इथपर्यंत तो पोचत नाही.

आधी प्रकरण थोडक्यात. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी होम ट्रेड, इंद्रमणी मर्चंट्स, सेंच्युरी डीलर्स, सिंडिकेट मॅनेजमेंट सर्व्हिसेस आणि गिल्टेज मॅनेजमेंट सर्व्हिसेस या खासगी कंपन्यांना पैसे दिले. रोखे बँकेकडे आले नाहीत आणि पैसेही परतले नाहीत. व्याजासह हा आकडा सुमारे दीडशे कोटींचा सांगितला जातो. होम ट्रेड म्हणजे तीच कंपनी, जिच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन झळकत होते. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही तिच्यापायी पोळल्या.

गुन्हा 2002 मध्ये नोंदला गेला. नागपूरच्या न्यायालयाचा निकाल आला 22 डिसेंबर 2023 रोजी. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जण दोषी ठरले, तिघे निर्दोष सुटले. केदार यांना पाच वर्षांची शिक्षा आणि साडेबारा लाखांचा दंड झाला, सावनेरची आमदारकी गेली. जानेवारी 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. शिक्षेविरुद्ध त्यांनी अपील केले आहे, आणि त्याचा विचार न्यायालय करील.

माझा विषय निकालानंतरची चर्चा हा आहे. ती जवळजवळ सगळी आमदारकीची झाली. जागा रिकामी झाली, आता तिथे कोण, याचा फायदा कोणाला? एका पक्षाच्या लोकांना उशिरा मिळालेला न्याय दिसला, दुसऱ्यांना सूड दिसला. दीडशे कोटी कुठे आहेत, हा प्रश्न दोन्हीकडच्यांनी मधल्या ओळीत उरकला. दंडाचा आकडा आणि बुडालेल्या रकमेचा आकडा शेजारी मांडून पाहिला, तरी कळते की फौजदारी शिक्षेने बँकेची तिजोरी भरत नाही. ते काम दुसऱ्या कायद्याचे आहे.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960. त्यातली दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. कलम 101 सामान्य थकबाकीदारासाठी. संस्थेने अर्ज करायचा, निबंधकाने वसुलीचा दाखला द्यायचा आणि त्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली, म्हणजे जप्तीपर्यंत. कर्जाचा करारनामा आणि खातेउतारा एवढा पुरावा पुरतो. कलम 88 आहे ते संस्थेचे नुकसान करणाऱ्या संचालक व अधिकाऱ्यांसाठी. इथे आधी लेखापरीक्षण किंवा चौकशी, मग अधिकृत अधिकाऱ्याची नेमणूक, मग प्रत्येकाच्या जबाबदारीची स्वतंत्र निश्चिती, मग अपील. ही कार्यवाही दोन वर्षांत पुरी करावी आणि फार तर सहा महिने वाढवावेत, असे कायदाच सांगतो. नागपूरच्या प्रकरणात फौजदारी निकाल लागला तेव्हाही ही चौकशी संपलेली नव्हती. मध्ये एकवीस वर्षे गेली होती.

एका कलमाला घाई आणि दुसऱ्याला सबुरी, हा विरोधाभास योगायोगाचा नाही. कलम 101 राबवणारी यंत्रणा संचालक मंडळाच्या हाताखाली असते. तिला वसुलीची उद्दिष्टे दिलेली असतात. कलम 88 संचालकांवरच चालवायचे असते, आणि ते राबवणारे सहकार खाते मंत्र्याच्या अखत्यारीत असते. मंत्री आणि संचालक बहुधा एकाच राजकारणातून आलेले असतात, कधी मित्र म्हणून, कधी प्रतिस्पर्धी म्हणून. त्यामुळे चौकशीचा वेग सत्तेच्या सोयीने ठरतो, आणि चौकशी खरी असली तरी लोकांना ती राजकीयच वाटते.

आपली भाषाही इथे पक्षपात करते. पीककर्ज थकले की शेतकरी लगेच ‘थकबाकीदार’. सोसायटीच्या फलकावर नाव, सातबाऱ्यावर बोजा. मोठ्या कंपनीचे कर्ज थकले की ते ‘अनुत्पादक’ होते, मग ‘निर्लेखित’ होते. माणूस वाक्यातून गायबच. संचालक तर कर्जदारच नसतो, म्हणून त्याच्यासाठी रोजच्या बोलण्यात शब्दच नाही.

आणि नियम असे पळवाटा शोधायला शिकवतात. व्यापारी बँकेने आपल्याच संचालकाला कर्ज देण्यावर बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 20 ची बंदी 1960 च्या दशकाअखेरीपासून आहे. नागरी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेने तशी बंदी 2003 मध्ये घातली, तीही माधवपुरा बँक कोसळल्यावर. पुढचा दरवाजा बंद झाला की पैसा दलाल किंवा मर्जीतली कंपनी अशा खिडकीतून जातो. पीएमसी बँकेत 2019 मध्ये एकाच बांधकाम समूहाची कर्जे लपवायला हजारो बनावट खाती दाखवल्याचे उघड झाले.

आयर्लंडचे उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण तिथे बँकेच्या प्रमुखानेच कर्ज घेतले होते. अँग्लो आयरिश बँकेचे अध्यक्ष शॉन फिट्झपॅट्रिक आपली कर्जे दर वर्षाअखेरीस दुसऱ्या संस्थेकडे वळवत, म्हणजे ताळेबंदात ती दिसत नसत. हा आकडा 8.7 कोटी युरोपर्यंत गेला. डिसेंबर 2008 मध्ये त्यांनी राजीनामा दिला, जानेवारी 2009 मध्ये बँक सरकारने ताब्यात घेतली आणि तिच्यात जनतेचे सुमारे 30 अब्ज युरो ओतले. लोकांचा राग इतका होता की 2010 मध्ये एकाने बँकेचा निषेध रंगवलेला काँक्रीट मिक्सर थेट संसदेच्या फाटकावर नेला. 2017 मध्ये फिट्झपॅट्रिक निर्दोष सुटले, कारण तपासच सदोष निघाला. राग भरपूर होता, कागद कच्चे राहिले.

आपल्याकडे याच्या उलट उदाहरण आहे, आणि ते दीडशे वर्षांपूर्वीचे. मे 1875 मध्ये सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले आणि दंगा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. माणसे मारण्यापेक्षा त्यांचा रोख खतपत्रांवर होता. दस्तऐवज मागायचे, नाही दिले तर हिसकावायचे आणि जाळायचे. निरक्षर म्हणून हिणवलेल्या त्या लोकांना सत्ता कशात आहे हे नेमके कळले होते. परिणामी चौकशी आयोग बसला, 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुढे 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्था उभ्या राहिल्या, त्या सावकाराला पर्याय म्हणूनच. म्हणजे ज्या बँकेच्या बुडण्यावर आपण चिडतो, तिच्या वंशावळीत कुठेतरी सुप्याचा राग आहे.

जिल्हा बँक आटली की काय होते, हे विदर्भाला सांगायला नको. पेरणीच्या तोंडावर सोसायटीकडून पीककर्ज मिळाले नाही, तर माणूस कृषी केंद्राच्या उधारीवर किंवा सावकाराच्या ओट्यावर जातो. जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा आणि बुलढाणा होते. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्राने चार राज्यांतल्या 23 विनापरवाना जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाला मंजुरी दिली. त्यांतल्या महाराष्ट्राच्या तीन बँका होत्या नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. घोटाळा हेच या दुखण्याचे एकमेव कारण नव्हते, थकीत कर्जे आणि भांडवलाची टंचाई होतीच. पण भरपाई अखेर केंद्र, राज्य आणि नाबार्डच्या पैशातून झाली. त्याचा राग कोणाला आल्याचे मला आठवत नाही, कारण त्या खर्चाला चेहरा नव्हता.

म्हणून माझा आक्षेप रागावर नाही, त्याच्या आळसावर आहे. दरवर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा होतात. लेखापरीक्षण अहवाल तिथे ठेवावाच लागतो. बहुतेक ठिकाणी ‘मंजूर, मंजूर’ म्हणत तासाभरात सभा उरकते आणि लोक चहाकडे वळतात. त्या तासात एका सभासदाने उठून विचारावे: गुंतवणूक कोणत्या रोख्यांत आहे, रोखे कोणाच्या ताब्यात आहेत, आणि कलम 88 ची चौकशी चालू असेल तर ती कितव्या वर्षात आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद जाळावे लागले. आपल्याला ते फक्त वाचायचे आहेत.