संजीवाचा मंत्र आणि फ्रँकेन्स्टाइनची निर्मिती

एखादा शोध शोधकर्त्यावरच उलटला की मराठी लेखक हमखास 'भस्मासुर' हा शब्द वापरतात. इंग्रजी लेखक त्याच ठिकाणी 'फ्रँकेन्स्टाइन' हे नाव घेतात आणि ते राक्षसाचे नाव आहे, असा बहुतेकांचा समज असतो. मेरी शेली यांच्या कादंबरीत मात्र व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हे निर्मात्याचे नाव आहे. त्याने निर्माण केलेल्या जीवाला नावच नाही. ही चूक क्षुल्लक मानली जाते; परंतु तिच्यामुळे निर्मात्याचे अपयश निर्मितीच्या माथी मारले जाते, असे आम्हांस वाटते. कादंबरीतील व्हिक्टरही अखेरपर्यंत हेच करीत राहतो.

या कादंबरीचा रूढ अर्थ सर्वपरिचित आहे. मनुष्याने ज्ञानाची मर्यादा ओलांडू नये, ओलांडली तर सर्वनाश ओढवतो, असा तो अर्थ. 'आधुनिक प्रॉमिथियस' हे उपशीर्षकही त्याला अनुकूल दिसते. व्हिक्टर स्वतः बर्फाळ समुद्रावरील जहाजात कप्तान वॉल्टनला हाच बोध करतो. तथापि कथेतील एखादे पात्र आपल्या आयुष्याचा जो अर्थ लावते, तोच कथेचा अर्थ असतो असे नाही. या कथेत खरा अनर्थ ज्ञान मिळाल्यावर, किंबहुना प्रयोग यशस्वी झाल्यानंतर सुरू होतो. हे स्पष्ट होण्यासाठी आम्ही प्रथम एका जातककथेकडे वळतो.

एकनिपातातील शेवटचे, म्हणजे १५० वे जातक संजीवाचे आहे. बोधिसत्त्व वाराणसीत पाचशे शिष्यांना विद्या शिकवीत होते. त्यांनी संजीव नावाच्या शिष्याला मृताला जिवंत करण्याचा मंत्र शिकवला, मात्र त्याचा प्रतिमंत्र शिकवला नाही. एके दिवशी शिष्य लाकडे आणण्यासाठी अरण्यात गेले असता त्यांना मेलेला वाघ दिसला. संजीव म्हणाला, मी याला उठवतो. सोबती झाडावर चढले. संजीवाने मंत्र म्हणून खापराचा तुकडा वाघावर मारला. वाघ उठला, त्याने संजीवाचा गळा फोडला आणि तोही तेथेच मरून पडला. अजातशत्रूने देवदत्ताला दिलेल्या आश्रयाच्या संदर्भात ही कथा सांगितली आहे. दुष्टाला बळ देणारा त्याच्याच हातून नष्ट होतो, हे तिचे तात्पर्य.

संजीव आणि व्हिक्टर यांच्यातील साम्य उघड आहे. दोघेही विद्यार्थी. दोघांनाही विद्येचा अर्धाच भाग अवगत आहे. 'करता येते' आणि 'करावे' यांतील अंतर दोघांनाही दिसत नाही. परंतु दोन्ही कथांतील भेद आम्हांस साम्याहून महत्त्वाचा वाटतो. जातकातील वाघ मरण्यापूर्वी वाघच होता आणि उठल्यावरही वाघच राहिला. मेरी शेलींचा जीव जन्मतः वाघ नाही. तो वाघ कसा होतो, याचे तपशीलवार आणि सहृदय चित्रण हे या कादंबरीचे खरे सामर्थ्य आहे.

लेखिकेला या विषयाची ओढ कोठून लागली असावी, हे तिच्या चरित्रावरून समजते. मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडन येथे झाला. स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या मेरी वुल्स्टनक्राफ्ट या तिच्या मातोश्री. त्या प्रसूतिज्वराने अवघ्या काही दिवसांत वारल्या. १८१५ साली मेरीचे स्वतःचे पहिले अपत्य थोड्याच दिवसांत दगावले. ते मूल शेकोटीजवळ ऊब दिल्याने पुन्हा जिवंत झाल्याचे स्वप्न तिने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. पुढील वर्षी जिनीव्हा सरोवराकाठी बायरन आणि पर्सी शेली यांच्या सहवासात या कथेचा आरंभ झाला. युरोपात त्या वेळी विजेच्या प्रयोगांची चर्चा होती. १८०३ साली आल्दिनी यांनी लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेताचे स्नायू विजेच्या प्रवाहाने हलवून दाखवले होते. अशा काळात एकोणिसाव्या वर्षात असलेल्या त्या मुलीने विचारलेला प्रश्न मात्र विजेविषयी नव्हता. जन्माला आलेल्याची काळजी कोण घेणार, हा तो प्रश्न होता. १ जानेवारी १८१८ रोजी कादंबरी लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली.

आता प्रयोगाची रात्र पाहू. सुमारे दोन वर्षे झटून व्हिक्टरने तो देह सिद्ध केला आहे. नोव्हेंबरच्या एका उदास रात्री त्या जीवाचा निस्तेज पिवळसर डोळा उघडतो आणि त्याच क्षणी व्हिक्टर खोलीबाहेर पळतो. त्या जीवाने तोवर कोणाचे काहीही वाईट केलेले नाही. तो कुरूप आहे, एवढेच. पुढे तो व्हिक्टरच्या बिछान्याजवळ येऊन हात पुढे करतो, तेव्हाही व्हिक्टर पळतो. सकाळी जीव नाहीसा झाल्याचे पाहून त्याला आनंद होतो. आठ फूट उंचीचा, नुकताच जन्मलेला, भाषा नसलेला जीव कोठे गेला असेल, तो काय खाईल, याचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही.

त्या जीवाने स्वमुखाने सांगितलेला वृत्तांत हा कादंबरीचा गाभा आहे. तो एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या आडोशाला लपून राहतो. आरंभी तो त्यांचे अन्न चोरतो. त्यामुळे त्यांची उपासमार होते हे कळताच चोरी सोडून कंदमुळे खातो. रात्री त्यांच्यासाठी लाकडे तोडून आणतो, दारातील बर्फ बाजूला करतो. भिंतीच्या फटीतून ऐकून तो भाषा शिकतो. अखेर धीर करून तो आंधळ्या वृद्धासमोर जातो. वृद्धाला त्याचे रूप दिसत नाही, म्हणूनच तो त्याच्याशी मायेने बोलतो. डोळस मुलगा येतो आणि काठीने त्याला बडवून काढतो. पुढे बुडणाऱ्या मुलीला वाचवल्याबद्दल त्याला बंदुकीची गोळी मिळते. त्याच्या मनातील द्वेष असा एकेका प्रत्ययाने उत्पन्न होतो. प्रतीत्यसमुत्पादाचा अभ्यास करणाऱ्या वाचकास ही मांडणी परकी वाटणार नाही: हे असल्यामुळे ते होते, हे नसते तर ते झाले नसते.

सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची अपत्याप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत: पापापासून परावृत्त करणे, कल्याणात प्रस्थापित करणे, विद्या शिकवणे, योग्य जोडीदार मिळवून देणे आणि योग्य वेळी वारसा सोपवणे. व्हिक्टरने यांपैकी एकही कर्तव्य पार पाडलेले नाही. हिमनदीवरील भेटीत तो जीव ज्याची मागणी करतो, तो जोडीदारच आहे. मेरी शेली यांना हे सुत्त ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु निर्मात्याचे नाते त्यांनी पित्याच्या नात्याने जोखले, यात शंका नाही.

व्हिक्टर प्रथम ती मागणी मान्य करतो. ऑर्कनी बेटांवर तो दुसरा देह घडवू लागतो. मध्येच त्याला परिणामांचा विचार सुचतो: या दोघांची प्रजा वाढली तर मानवजातीचे काय होईल? तो अर्धवट देह फाडून टाकतो. महत्त्वाकांक्षेला लगाम घालणे एवढाच कादंबरीचा उपदेश असता, तर येथे अनर्थ थांबावयास हवा होता. उलट याच क्षणानंतर मित्र क्लर्व्हल, नववधू एलिझाबेथ आणि दुःखाने खचलेला वृद्ध पिता असे एकामागून एक बळी जातात. व्हिक्टरची भीती अनाठायी होती, असे आम्ही म्हणत नाही. नव्या निर्मितीला नकार दिल्याने जुन्या निर्मितीचे ऋण फिटत नाही, एवढेच या प्रसंगातून आम्हांस दिसते.

व्हिक्टरच्या मौनाचाही हिशेब केला पाहिजे. त्याचा लहान भाऊ विल्यम मारला जातो आणि निरपराध जस्टिनवर खुनाचा आळ येतो. खुनी कोण, हे व्हिक्टर जाणतो. पण आपल्याला वेडा ठरवतील या भीतीने तो बोलत नाही. जस्टिनला मृत्युदंड होतो. मृत्युशय्येवर तो आपल्या आचरणाचा आढावा घेतो आणि ते निंद्य नसल्याचा निर्वाळा देतो. त्या जीवाच्या सुखाची जबाबदारी आपल्यावर होती, हे तो कबूल करतो; मात्र मानवजातीप्रती असलेले कर्तव्य त्याहून मोठे होते, असे समर्थनही करतो. पहिल्या रात्री मानवजातीच्या कोणत्या हितासाठी तो पळाला, या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. सर्व दोष निर्मात्याचा मानला, तर त्या जीवाने केलेल्या हत्या निर्दोष ठरतात काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. चेतना हेच कर्म होय, अशी बुद्धांची शिकवण आहे. त्या जीवाला भाषा होती, विवेक होता, जस्टिनचा बळी त्याने जाणूनबुजून घडवला. प्रत्यय कर्माचे स्पष्टीकरण देतात, त्याला क्षमापत्र देत नाहीत. विशेष हे की शेवटी व्हिक्टरच्या प्रेताजवळ उभा राहून स्वतःच्या कृत्यांचा धिक्कार करतो तो हा जीवच. निर्मात्याला जे साधले नाही, ते निर्मितीला साधते.

कादंबरीबद्दल आमची एक तक्रार आहे, ती १८३१ सालच्या सुधारित आवृत्तीविषयी. तीत नियतीचा सूर अधिक ठळक झाला आहे. जणू व्हिक्टरचा विनाश आधीच लिहिलेला होता. मधल्या वर्षांत लेखिकेने दोन अपत्ये गमावली होती आणि १८२२ साली पती समुद्रात बुडून गेला होता. तिचे मन नियतीकडे झुकले असेल तर नवल नाही. परंतु नियती आली की उत्तरदायित्व जाते. सामञ्ञफल सुत्तात मक्खलि गोसालाचे मत अजातशत्रूच्याच तोंडून आले आहे: प्राण्यांच्या मलिनतेला हेतू नाही, प्रत्यय नाही, पुरुषार्थ व्यर्थ आहे. पित्याचा वध केलेल्या राजालाही ते मत समाधान देऊ शकले नाही. म्हणून १८१८ ची मूळ संहिता आम्ही श्रेष्ठ मानतो. तीत व्हिक्टरला थांबता आले असते.

ही चर्चा केवळ साहित्यापुरती नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे जियानकुई या चिनी शास्त्रज्ञाने गर्भावस्थेपूर्वीच जनुकांत बदल केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये, हा त्यामागील उद्देश त्याने सांगितला. जगभरातून निषेध झाला. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली; अशा तिसऱ्या बालकाच्या जन्माचीही खटल्यात नोंद झाली. शिक्षा योग्यच होती. परंतु ती भोगून शास्त्रज्ञ २०२२ साली मुक्त झाला. त्या मुलांच्या देहातील बदल मात्र जन्मभराचा आहे. त्यांच्या आरोग्याची देखरेख कोणी करावी, त्यांचे नाव गुप्त ठेवून त्यांना सामान्य बालपण कसे द्यावे, उद्या त्यांनी प्रश्न विचारले तर कोणी उत्तर द्यावे, हे प्रश्न तुरुंगवासाने सुटत नाहीत. भस्मासुराची उपमा येथे निरुपयोगीच नव्हे, क्रूरही ठरते. कारण ही मुले कोणावर उलटलेली नाहीत. ती केवळ जन्मली आहेत.

कादंबरीच्या शेवटी वॉल्टन खलाशांचे म्हणणे ऐकून नाखुशीने का होईना, जहाज मागे फिरवतो. त्याच्या महत्त्वाकांक्षेला अडवणारी माणसे सोबत होती. व्हिक्टर एकांतात, सर्वांपासून लपून काम करीत होता. त्याचे गुरू वाल्डमन यांनी त्याला रसायनशास्त्राची थोरवी सांगितली, पण तो काय करतो आहे हे विचारले नाही. जातकातील आचार्यांनीही मंत्र दिला आणि प्रतिमंत्र दिला नाही. तो का दिला नाही, हे जातक सांगत नाही. विद्या शिकवणाऱ्या प्रत्येकाने या मौनाजवळ क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. संजीवाच्या सोबत्यांनाही धोका दिसत होता. त्यांनी संजीवाचा हात धरला नाही. ते झाडावर चढून पाहत राहिले.