एकाच नांवाखालीं दोन कामगिऱ्या

हिंदी सैन्याच्या दुसऱ्या महायुद्धांतील सरकारी इतिहासमालेंत इ. स. १९५८ सालीं निघालेल्या खंडाच्या मथळ्यांत जपान व आग्नेय आशिया हीं दोन्हीं स्थळें 'युद्धोत्तर ताबासैन्य' या एकाच नांवाखालीं घातलीं आहेत. या नामकरणास आमचा आक्षेप आहे. १९४६ सालीं जपानांत गेलेल्या, ब्रिगेडियर थिमय्या यांच्या हाताखालील २६८ व्या हिंदी ब्रिगेडचें काम जित राष्ट्राच्या भूमीवरील बंदोबस्ताचें होतें. तेथें 'ताबा' हा शब्द शोभतो. जावेंतील सुराबाया येथें शरण आला तो जपानी, आणि शहर तर त्याचें नव्हतेंच. १७ ऑगस्ट १९४५ रोजींच इंडोनेशियनांनीं स्वातंत्र्य पुकारलें होतें व पुढें जपान्यांचीं पुष्कळशीं हत्यारें त्यांच्या हातीं गेलीं. २५ ऑक्टोबरला उतरलेली ४९ वी ब्रिगेड नजरकैदेंतील लोकांच्या सुटकेसाठीं शहरभर लहान लहान ठाण्यांत विखुरली. ब्रिगेडियर मॅलबी यांनीं स्थानिक पुढाऱ्यांशीं जी समजूत केली होती, ती २७ तारखेस विमानांतून पडलेल्या 'शस्त्रें द्या' अशा पत्रकांनीं मोडली. तो हुकूम वरून आला होता. त्याचा दोष ठाण्यांतील शिपायांच्या माथीं मारणें अन्याय होय. दुसऱ्या दिवशीं ठाण्यांवर हल्ले झाले आणि ३० ला मॅलबी मारले गेले. या ब्रिगेडींत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. स्वतः परतंत्र असलेल्या या लोकांना, ज्यांच्याशीं त्यांचें कधीं युद्धच नव्हतें अशांचीं शस्त्रें काढून घेण्यास उभें केलें गेलें, हें 'ताबा' या शब्दाआड झांकतें. त्यांच्या घरांतून त्या महिन्यांचीं पत्रें अद्याप उरलीं असल्यास तीं मिळविलीं पाहिजेत.