कलावंताची कैफियत आणि समीक्षेची जबाबदारी

समाजाभिमुख कलेविषयी अलीकडे जे लिहिले जाते, त्यातील बराच भाग कलावंतांच्या मुलाखतींनी व्यापलेला असतो. आणि ज्या कलेत तयार वस्तूपेक्षा ती घडताना माणसामाणसांत झालेला व्यवहार अधिक मोलाचा मानला जातो, तिची हकीकत प्रथम कलावंताच्या तोंडून ऐकावी लागावी, हे स्वाभाविकही आहे. परंतु मुलाखत ही एका पक्षाची कैफियत असते, आणि तेवढीच दप्तरी दाखल करून निकाल देण्याची जी प्रथा आपल्या कलासमीक्षेत रूढ होऊ पाहत आहे, ती मला चिंताजनक वाटते.

नवजोत अल्ताफ यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, १९७० नंतरच्या दशकात आपले पती, चित्रकार अल्ताफ मोहमदी यांच्यासह डाव्या युवक चळवळीत वावरलेल्या या चित्रकर्तीने १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात बस्तरातील कोंडागाव गाठले. तेथे शांतीबाई, राजकुमार कोर्राम यांच्यासारख्या स्थानिक शिल्पकारांच्या सोबतीने त्यांनी मुलांसाठी ‘पिल्ला गुडी’ नावाच्या वास्तू उभारल्या. पण ‘नलपार’ या नावाचे हातपंपांचे परिसर मला त्याहून अधिक महत्त्वाचे वाटतात. खेड्यातल्या हातपंपाभोवती एरवी चिखल माजलेला असतो, आणि जमिनीवरचा भरलेला हंडा कमरेतून वाकून उचलून डोक्यावर घेण्याचे कष्ट बायकांच्या वाट्याला आलेले असतात. या मंडळींनी पंपाभोवती भिंती घातल्या, हंडा मध्ये टेकवून मग वर घेता यावा अशी सोय त्या भिंतींतच केली आणि सांडपाणी जिरण्याचीही तजवीज केली. भिंतीची उंची शिल्पकाराच्या अभिरुचीने न ठरता पाणी भरणारीच्या खांद्याने ठरावी, यात या कलेचे खरे सामर्थ्य आहे, आणि आपल्याकडील दालनांत मांडल्या गेलेल्या कितीतरी घोषणांपेक्षा मी त्याला वरचे स्थान देतो. अमेरिकन समीक्षक ग्रँट केस्टर यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात या कामाची सविस्तर दखल घेतली. तथापि, कलावंतांची भूमिका आपणांस जितकी ज्ञात आहे, तितके त्या पंपावर वर्षानुवर्षे पाणी भरणाऱ्या बाईचे म्हणणे माझ्या तरी वाचनात आलेले नाही. ते टेकण कामाचे ठरले काय, गटार तुंबल्यावर ते कोणी उपसले, या प्रश्नांची उत्तरे तिच्याचपाशी आहेत.

ज्यांच्यासाठी कला घडते त्यांचेही म्हणणे ऐकावे, ही अपेक्षा महाराष्ट्राला नवी वाटू नये. सत्यशोधक जलसे असोत की अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली उभारलेले लाल बावटा कलापथक असो, तेथे ज्यांच्याविषयी गायचे तेच समोर बसलेले असत, आणि त्यांचा निकाल त्याच रात्री कळे. आज अंतर वाढले आहे. पोवाड्याची परंपरा घरातच लाभलेले अमोल पाटील मुंबईच्या चाळींचे आणि कामगारांचे विश्व घेऊन २०२२ साली जर्मनीतील कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात गेले, ही अभिमानाची गोष्ट होय, परंतु त्या चाळीची साक्ष कासेलला मिळणार नाही, ती चाळीत जाऊनच मिळवावी लागेल. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे घेतली, त्यांच्याविषयीही मला हेच म्हणावयाचे आहे. नागपूरलगतच्या, पण मध्य प्रदेशात मोडणाऱ्या पारडसिंगा गावी श्वेता भट्टड व त्यांचे सहकारी देशी कापूस, सूत आणि बियांच्या राख्या यांतून जो उद्योग चालवितात, तेथे गावच कर्ता असल्याने हे अंतर मुळातच कमी आहे, आणि म्हणून मला तो प्रयोग विशेष आशादायक वाटतो.

कलावंतांवर यात दोषारोप नाही. साक्षी तपासण्याचे काम त्यांचे नव्हे, ते समीक्षकाचे आहे. तेव्हा नियतकालिकांच्या संपादकांना माझी विनंती आहे की, अशा कलावंताची मुलाखत छापताना सहकाऱ्यांची नावे त्याच ठळकपणे छापावीत, आणि काम पुरे झाल्यावर पाच-सात वर्षांनी समीक्षकाला प्रवासखर्च देऊन त्या जागी पुन्हा पाठवावे.